न्यूयॉर्कऐवजी एडिसन

अमेरिकेतल्या मराठी माणसाला शहर बघायचं नसतंच. त्याला शहराच्या जवळपास राहणारं कुणीतरी नात्यातलं हुडकायचं असतं, त्याच्याकडे उतरायचं असतं, त्याचं बेसमेंट बघून 'वा' म्हणायचं असतं आणि जेवणं आटोपून वेळ उरलाच, तर शहराकडे पाठ करून फोटो काढून घ्यायचा असतो. हे मी ऐकीव सांगत नाही. सत्त्याण्णव साली लेबर डेच्या लाँग वीकेंडला आम्ही चौघं, राहायचो त्या हर्नडनहून, न्यूयॉर्क बघायला म्हणून निघालो. त्यातला एक अर्धामुर्धा दिवस न्यूयॉर्कच्या वाट्याला आला. बाकीचा सगळा वेळ आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसन गावातलं एक घर बघितलं.

चौघं म्हणजे मी, माझा रूममेट आणि एक नवरा-बायको. रूममेट पुण्याचा. हे सांगायला मी विसरलो असतो तरी तो विसरला नसता. नवरा ठाण्याचा, आमच्याच प्रोजेक्टवर. कॉम्प्युटरमध्ये सालाचे दोन आकडे होते त्यांचे चार करायचे, या महान कार्यासाठी आम्हा तिघांना सातासमुद्रापार आणलं होतं. त्याची बायको कोल्हापूरची, एम.एस्सी. केमिस्ट्री. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली असल्यामुळे तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. आम्हा तिघांपेक्षा जास्त अक्कल असलेलं एकच माणूस त्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये होतं आणि ते घरी बसून आमच्यासाठी पोळ्या लाटत होतं. तिला आम्ही वहिनी म्हणायचो.

आम्ही जिवलग मित्र होतो. हे मी उपरोधाने लिहीत नाही. एकाचा ताप दुसऱ्याने काढला होता, बर्फात अडकलेली गाडी तिघांनी मिळून ढकलली होती. रूममेटच्या आजोबांचं निधन झाल्याचा फोन आला तेव्हा तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला होता. अशा मैत्रीत माणूस एकमेकांना सगळं विचारतो. मला मात्र एक गोष्ट कुणी कधी विचारली नव्हती, कारण तिघांनीही तिचं उत्तर परस्पर ठरवून टाकलं होतं.

माझं आडनाव गावावरून आलेलं, शेवटी 'कर' असलेलं. अशा आडनावाखाली महाराष्ट्रात काय वाटेल ते राहतं. पण माझी भाषा पुस्तकी, उच्चार स्वच्छ, चष्मा जाड, शिवाय शाळेत संस्कृत घेतलेलं. एवढ्या पुराव्यावर या मंडळींनी मला आपल्या पंक्तीला बसवून टाकलं होतं. शंका घेण्याचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत. संस्कृत का घेतलं होतं ते ऐकलं असतं तर त्यांचा घास घशात अडकला असता. माझे वडील नागपूरला झेडपीच्या शाळेत मास्तर होते. ज्या माणसाची तसबीर आमच्या घरात दाराच्या समोरच्या भिंतीवर आहे, त्या माणसाला शाळेत असताना संस्कृत शिकू दिलं नव्हतं. म्हणून वडिलांनी मला आठवीत संस्कृतला बसवलं. त्या माणसाचं नाव मी इथे लिहीत नाही. मराठी वाचकाला ते सांगावं लागत असेल, तर त्याने पुढे वाचण्याची तसदी घेऊ नये.

तो माणूस तरुणपणी न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठात शिकायला आला होता. मी अमेरिकेला निघालो तेव्हा विमानतळावर वडील रडले नाहीत की उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, "तिथं जाऊन ये. आणि मला सांग, आत कुणालाही जाऊ देतात का." पुढे दर फोनला ते हाच प्रश्न विचारायचे, गेलास का, जाऊ देतात का. मी आज-उद्या करत होतो, कारण मला एकट्याने जायचं नव्हतं. मला या तिघांना घेऊन जायचं होतं. त्या विद्यापीठाच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांना सांगायचं होतं की मी कोण आहे. लपवलेलं काही नव्हतं. पण आमच्या शनिवारच्या जेवणांना जमणाऱ्या मराठी मंडळीत एक विनोद फार चालायचा, कोट्यातल्या डॉक्टरकडून ऑपरेशन करून घेशील का म्हणून. हसायचं कुठे ते कळावं म्हणून सांगणारा आधी स्वतः हसे. रूममेट हसे, ठाणेकर हसे आणि मी चहा टाकायला आत जाई. असले विनोद ऐकलेल्या माणसाला निदान बोलायची जागा तरी आपण निवडावी असं वाटतं. मी ती निवडली होती. त्या जागेवर हे तिघं काय तोंड करतात ते मला बघायचं होतं. आपले मित्र आहेत, चांगलंच करतील, असं मला मनापासून वाटत होतं.

म्हणून न्यूयॉर्कची टूम मीच काढली. मॅनहॅटनमध्ये हॉटेल घेऊ, पायी भटकू, असं माझं म्हणणं. ते ऐकून ठाणेकराने माझ्याकडे मी दारू प्यायल्यासारखं बघितलं. एडिसनला त्याच्या वडिलांचे मावसभाऊ राहत असताना हॉटेल? काका काय म्हणतील? हे काका त्याने आयुष्यात दोनदा बघितले होते, त्यातलं एकदा पाळण्यातून. पण फोन लागला, काकूंनी "अवश्य या" म्हटलं आणि सगळं ठरलं. रूममेट लीडर झाला. आमच्यात चार माणसं कुठेही निघाली की एकाला लीडर व्हावंच लागतं. त्याने पिवळ्या मार्करने नकाशे रंगवले, कुणाला कुठे लघवीला उतरायचं तेही ठरवलं. वहिनींनी पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि ट्रिपभर पुरेल एवढा चिवडा केला. जगातली सगळी जेवणं जिथे मिळतात त्या शहराकडे आम्ही असे उपासमारीची तयारी करून निघालो.

शुक्रवारी गाडीत नाट्यगीतांच्या कॅसेट लावल्या होत्या. एका पदातला शब्द रूममेट चुकीचा म्हणाला, मी दुरुस्त केला. तो खूश होऊन ठाणेकराला म्हणाला, "बघ, नागपूरचा असून!" ही त्याच्याकडची सर्वोच्च पदवी. मला तेव्हा ती आवडलीही.

अंधार पडायच्या सुमाराला एडिसनला पोचलो. पाणी प्यायच्या आधी घर बघायचं असतं. काकांनी आम्हाला एकेक बाथरूम उघडून दाखवलं. बेसमेंटमध्ये त्यांनी बार बांधला होता. बारवर बाटली नव्हती, गणपती होते. गॅरेजचं दार बटणावर उघडतं-मिटतं ते त्यांनी दोनदा करून दाखवलं आणि आम्ही दोन्ही वेळा आश्चर्य केलं. काका इंजिनियर, वीस वर्षांपूर्वी आलेले. काकू दादरच्या, इथे बँकेत नोकरीला. एक मुलगी, हायस्कुलातली, जी मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. माणसं वाईट नव्हती. अगत्याने आणखी वाढणारी होती. पण त्या घरात न्यूयॉर्क हा शब्द रहदारीच्या संदर्भातच निघायचा.

सकाळी पोह्यांवर काकूंनी माझी चौकशी केली. "किती शुद्ध बोलता हो तुम्ही! नागपूरचे म्हणजे महालातले का?" महाल हा तिथला जुना भाग, काकूंच्या आत्याचं सासर तिथलं. मी म्हटलं, नाही, उत्तर नागपूर. नागपूरच्या कुठल्याही माणसाला एवढ्यावर सगळं कळलं असतं. काकूंना उत्तर ही फक्त दिशा वाटली. "असं का," म्हणून त्यांनी मला आणखी लिंबू दिलं.

मग काकांनी जाहीर केलं की आज घरी सत्यनारायण आहे. श्रावण संपत आलाय, देवळातले गुरुजी सगळे बुक आहेत, पण काळजी नको, त्यांच्याकडे दादरहून आणलेली कॅसेट आहे. त्यात गुरुजी सगळं सांगतात, फूल कधी वाहायचं, पळीभर पाणी कधी सोडायचं. पंधरावीस घरं जेवायला येतील. तासाभराचं काम, मग तुम्ही जा न्यूयॉर्कला. मी ठाणेकराकडे बघितलं. तो आधीच चौरंग उचलायला उठला होता. लीडरसाहेबांनी रंगवलेला नकाशा घडी घालून खिशात ठेवला आणि ते केळी सोलायला बसले.

केळीचे खांब मिळत नाहीत म्हणून काकांनी चौरंगाच्या चार कोपऱ्यांना मक्याची ताटं बांधली होती. पाहुणे जमले. गाड्यांच्या रांगेने तो शांत रस्ता भरून गेला. काका सोवळं नेसून, काकू पैठणी नेसून पाटावर बसले. टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. गुरुजींनी आचमन करायला सांगितलं, काकांनी केलं. गुरुजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली आणि एकाएकी त्यांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा जाड झाला, मग बंद पडला. टेप गुंडाळली गेली होती. काकांनी पेन्सिल घालून फिरवून बघितली. टेपने शेवटचा आचका दिला आणि ती तुटली. देवाने एवढी स्पष्ट खूण कधी दिली नसेल, पण तिथे बसलेल्या तीसेक इंजिनियरांपैकी एकालाही ती कळली नाही.

पोथी होती घरात. पण यजमान पाटावर, तेव्हा वाचायला दुसरं कुणीतरी हवं. पाहुण्यांमध्ये एकमेकांकडे बोटं झाली. एकाचा घसा बसला होता, दुसऱ्याचं इंग्लिश मीडियम. रूममेटने पोथी हातात घेतली, पहिल्याच जोडाक्षराला ठेचकाळला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "अरे, हा आहे ना! याचं संस्कृत एकदम फर्स्ट क्लास आहे." आणि त्याने माझ्या पाठीत थाप मारून मला पुढे ढकललं. त्याला माझा अभिमान वाटत होता. हे मला आजही विसरता येत नाही.

काकू हसून म्हणाल्या, मला सकाळीच वाटलं होतं. काका पाटावरून उठून आत गेले आणि घडी घातलेला रेशमी कद घेऊन आले. माझ्या हातात देत म्हणाले, "वरच्या बेडरूममध्ये जाऊन हे नेसा. शर्ट काढा. जानवं असेलच, नसलं तर देवघराच्या ड्रॉवरमध्ये जादा आहे."

तो कद हातात घेऊन मी उभा होतो. वाचणं मला कठीण नव्हतं. त्या खोलीत ते धड वाचू शकणारा मी एकटाच होतो. नुसतं वाचलं असतं तर दुपारी न्यूयॉर्कला गेलो असतो, पायऱ्यांवर उभं राहून ठरवल्याप्रमाणे सांगितलं असतं. पण काय सांगितलं असतं? की सकाळी काकांच्या घरी उघड्या अंगाने बसून ज्याने पूजा सांगितली तो मी? छप्पन साली नागपूरच्या मैदानात माझ्या वडिलांनी, एकोणीस वर्षांचे असताना, लाखो लोकांबरोबर उभं राहून प्रतिज्ञा घेतली होती की या देवांची पूजा करणार नाही. त्यांच्याकडे तेव्हा अंगावरच्या सदऱ्याशिवाय काही नव्हतं आणि ती प्रतिज्ञा त्यांनी आयुष्यभर पाळली. मला राग आला. माझी जागा मी निवडली होती आणि या लोकांनी ती एका तुटक्या कॅसेटपायी माझ्याकडून हिसकावून घेतली होती.

मी म्हणालो, "काका, मी वाचणार नाही. मी बौद्ध आहे."

काकांचा चेहरा उजळला. त्यांच्या ऑफिसात दोन गोरे होते, ते पण बौद्ध झाले होते, लंचमध्ये डोळे मिटून बसायचे. त्यांनी मला विचारलं की मी पण मेडिटेशन वगैरे करतो का, त्याचा कोर्स इथेच केला की कॅलिफोर्नियात. मी म्हटलं, "कोर्स नाही केला. मी नागपूरचा बौद्ध आहे. जन्माने."

यानंतर त्या खोलीत जे झालं त्याला शांतता म्हणत नाहीत. शांततेत माणसं गप्प असतात. इथे तीस माणसं हिशोब करत होती. कोण आपल्या शेजारी बसलं होतं, कुणी आपल्या मुलाला उचलून घेतलं होतं, सकाळी पोह्यात कुणी चमचा घातला होता. काकू सगळ्यात आधी सावरल्या. त्यांनी माझ्या हातातला कद हळूच काढून घेतला, इस्त्री मोडेल म्हणून. मग म्हणाल्या, "अहो, त्यात काय! आम्ही असलं काही मानत नाही." मागोमाग सगळेच ते म्हणायला लागले. कुणी मानत नव्हतं. कुणाच्या आईने त्यांच्याकडच्या कामवालीला स्वतःच्या कपातून चहा दिला होता, कुणाच्या वडिलांचा एक अत्यंत हुशार शिपाई होता. मी काही विचारलं नव्हतं. न विचारता एवढे निर्दोष लोक मी एका छपराखाली पुन्हा कधी बघितले नाहीत. काकूंच्या मुलीने मात्र वैतागून विचारलं, "सो व्हॉट? कॅन वी ईट नाउ?" त्या दिवशी त्या घरात तेवढं एकच शहाणं वाक्य बोललं गेलं.

पूजा रूममेटने सांगितली. जोडाक्षरांची जी कत्तल झाली ती मला घरामागच्या लाकडी डेकवर बसून ऐकू येत होती. मी उठून आलो होतो. कुणी मला बाहेर घालवलं नव्हतं आणि कुणी आत ये म्हटलं नव्हतं. थोड्या वेळाने वहिनी कागदी प्लेटमध्ये शिरा घेऊन आल्या. म्हणाल्या, प्रसाद म्हणून नका घेऊ, गोड म्हणून खा. मी नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. माझ्या शेजारी बसून त्यांनीच तो खाल्ला आणि रिकामी प्लेट घेऊन आत गेल्या. पुढे जेवणंही कागदी प्लेटमध्येच झाली, सगळ्यांचीच. त्यामुळे स्टीलच्या ताटांच्या परीक्षेत काकू पास झाल्या असत्या की नाही ते कळायला मार्ग राहिला नाही.

न्यूयॉर्कला त्या दिवशी अर्थातच गेलो नाही. संध्याकाळी असं निघालं की काका-काकूंना रविवारी सकाळीच पार्सिपनीला कुणाकडे तरी जायचं आहे, बरेच दिवसांचं ठरलेलं आहे, सांगायचं राहून गेलं. आमचा मुक्काम सोमवारपर्यंत होता. पण ठाणेकर लगेच म्हणाला की बरं झालं, सोमवारी ट्रॅफिकही फार असतो. मग आम्ही रविवारी सामान घेऊनच निघालो. काकूंनी निरोप देताना वहिनींची ओटी भरली. मला "परत या हं" म्हणाल्या, दारातून, उंबऱ्याच्या आतल्या बाजूने.

त्या दिवशीचं न्यूयॉर्क म्हणजे लीडरच्या नकाशावरच्या पिवळ्या रेघा. एका उंच इमारतीच्या तिकिटाच्या रांगेत उभे राहिलो, वर गेलो, एडिसन कुठल्या दिशेला असेल त्यावर वाद घातला, खाली आलो. गाडीत बसून पुऱ्या खाल्ल्या. सगळे माझ्याशी फार चांगलं वागत होते. खिडकीची जागा मला. पाण्याची बाटली आधी मला. दोन वर्षं जे माझ्या ताटातला पापड न विचारता उचलायचे ते आता "घेऊ का रे?" म्हणत होते. आजाऱ्याशी किंवा साहेबाशी वागतात तसं. मला हे सहन होईना. एखाद्याने जुना तो घाणेरडा विनोद सांगितला असता तर मी त्याला तोंडावर उत्तर दिलं असतं, पण कुणी सांगेचना.

दुपारी मी म्हटलं की मला शहराच्या वरच्या टोकाला एका विद्यापीठात जायचं आहे. कुठल्या ते त्यांना आता सांगावं लागलं नाही. ठाणेकर म्हणाला, "अरे हो, जायलाच पाहिजे! ग्रेट माणूस यार. मी तर नेहमी म्हणतो." दोन वर्षांत त्याने हे माझ्यासमोर एकदाही म्हटलं नव्हतं. रूममेटने गाडी तिथे नेली, दोन चकरा मारल्या आणि सांगितलं की पार्किंग नाही, तुम्ही जाऊन या, मी फिरवत राहतो. पुढच्या गल्लीत एक गाडी बाहेर निघत होती, जागा रिकामी होत होती. मला दिसली आणि त्यालाही दिसली. आम्ही तिघं उतरलो. ज्याला सगळ्यात आधी सांगायचं म्हणून एवढा खटाटोप केला, तो त्या विद्यापीठाभोवती प्रदक्षिणा घालत राहिला.

गेट उघडं होतं. कुणी काही विचारलं नाही. एक म्हातारी कुत्रं घेऊन आत चालली होती, तिलाही कुणी विचारलं नाही. रुंद पायऱ्यांवर मुलं लोळत होती, सँडविच खात होती, एकाने तोंडावर पुस्तक ठेवून झोप काढली होती. वडिलांना सांगायला माझ्याकडे उत्तर होतं. पुढे फोनवर ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, कुत्रंसुद्धा? आणि हसायला लागले.

ठाणेकराने मला पायऱ्यांवर उभं केलं आणि सांगितलं, हात जोड ना, फोटोत बरं दिसेल. मी जोडले नाहीत. त्याने तसाच काढला आणि रूममेट कुठे दिसतो का बघायला तो गेटकडे परतला. वहिनी राहिल्या. त्या माझ्यापासून दोन पायऱ्या खाली बसल्या आणि त्यांनी विचारलं, "हे तुम्ही आम्हाला इथेच सांगणार होता का?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग सांगा की आता." मला हसू आलं, कारण आता सांगण्यासारखं काय उरलं होतं? पण त्या वाट बघत होत्या. म्हणून मी सांगितलं. उत्तर नागपूरची गल्ली, आठवीतला संस्कृतचा वर्ग, बाईंनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं तो दिवस, चहा टाकायला मी आत का जायचो ते. त्यांनी एकदाही 'आम्ही मानत नाही' म्हटलं नाही. कोल्हापूरला त्यांच्या घरी मानतात, त्यांची आजी अजून मानते, असं त्यांनी सरळ सांगितलं. त्या ट्रिपमध्ये मला आवडलेलं बोलणं एवढंच. तेवढ्यात खालून ठाणेकराने हाका मारल्या.

परतीला रूममेट गाडी चालवत होता आणि मी त्याच्या शेजारी. ठाणेकर मागे झोपला होता. टर्नपाइकचा हमरस्ता लागला. रूममेटने अजून कॅसेट लावली नव्हती. त्याच्या मनात काहीतरी घोळतंय हे मला दिसत होतं. मला वाटलं, आता हा बोलेल. पार्किंगचं खोटं होतं म्हणेल, किंवा त्या शनिवारच्या विनोदांबद्दल काही म्हणेल, किंवा निदान म्हणेल की साल्या, मला आधी का नाही सांगितलंस. कशालाही मी तयार होतो. दोन वर्षांची मैत्री होती आणि ती टिकावी असं मला अजूनही वाटत होतं.

त्याने लेन बदलली, आरशात बघितलं आणि विचारलं, "बारावीला किती मार्क होते रे तुला?"

मागून वहिनी म्हणाल्या, हा काय प्रश्न झाला? तो म्हणाला, सहज विचारलं. त्याचे स्वतःचे मार्क मला पाठ होते. ते त्याने अपार्टमेंटमध्ये आलेल्या प्रत्येकाला ऐकवले होते. माझे जास्त होते. ते सांगितले असते तर तो गप्प बसला असता आणि त्याचं समाधानही झालं असतं, की चला, हा तसा नाही. त्याला मला पास करून घ्यायचं होतं आणि त्यासाठी मी प्रगतिपुस्तक दाखवायचं होतं.

मी म्हणालो, "शुक्रवारी याच रस्त्याने आलो, याच गाडीतून. तेव्हा का नाही विचारलंस?"

त्याने खरोखर विचार केला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. मग म्हणाला, "तेव्हा कशाला विचारेन?"

त्याच्या आवाजात जराही कपट नव्हतं. त्याने कॅसेट लावली आणि तो चुकीचे शब्द गुणगुणायला लागला. मी दुरुस्त केले नाहीत. आमच्या अपार्टमेंटची लीज डिसेंबरात संपत होती. मी खिडकीतून बाहेर बघत, कामापासून फार लांब न पडणारी दुसरी जागा कुठे मिळेल त्याचा विचार करू लागलो.